मावशी, माझी नायिका शिष्ट आहे का?

मावशी, मी ऐरोलीत राहते, वय ३४, आयटीत नोकरी. दोन वर्षं झाली कथा लिहितेय. आम्ही सहाजणी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून एकमेकींना वाचून दाखवतो. यावेळी मी माझी सगळ्यात मोठी कथा वाचली. नायिका मीरा, रोज ट्रान्स हार्बरने ठाण्याला जाते, पुस्तकं वाचते, कमी बोलते, आजूबाजूच्या टिपिकल बायकांमध्ये तिची घुसमट होते. तिची एक जाऊ आहे, सिरियल बघणारी, व्हॉट्सअॅपवर कुर्त्या विकणारी. वाचून झाल्यावर आमच्यातल्या एक रिटायर्ड शिक्षिका म्हणाल्या, "तुझी मीरा सगळ्या बायकांना तुच्छ समजते गं. ते मीराला नाही कळलं तर चालेल, तुला कळायला हवं होतं." मला रात्रभर झोप नाही. अशा बायका गोष्टींत असतातच ना? त्यात भर म्हणजे नवऱ्याने कौतुकाने कथा फॅमिली ग्रुपवर टाकली. माझ्या मोठ्या जाऊबाई कळव्याला असतात आणि त्या खरंच कुर्त्या विकतात. त्यांनी 'छान लिहिलंयस' एवढंच टाकलं आणि तेव्हापासून फोनवर हो-नाही एवढंच, एरवी त्यांचा फोन पाऊण तास संपत नाही. कथा दिवाळी अंकाला द्यायचीय. बदलू का? आणि वहिनींना काय सांगू? कथा सोबत जोडलीय.
— ऐरोलीची एक

अगं ऐरोलीची एक,

कथा जोडलीस ते बरं केलंस, नाहीतर मी तुझी बाजू घेऊन मोकळी झाले असते, कारण नुसतं पत्र वाचून मला त्या शिक्षिकाबाईंचाच राग आला होता, चारचौघीत असं बोलायची काय गरज होती म्हणून. मग कथा वाचली. दोनदा वाचली, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. बाई बरोबर बोलल्यात.

मीरा सोडून तुझ्या कथेत आठ बायका आहेत, मी मोजल्या. आठहीजणी आपापल्या पहिल्या वाक्यात काहीतरी गुन्हा करूनच आत येतात. एकीची लिपस्टिक दाताला लागलीय, एक मोठ्याने हसते, एकीच्या बांगड्या वाजतात, एक डब्यात बसून मेथी निवडते (मेथी निवडण्यात काय वाईट आहे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही), एक सासूबद्दल बोलते, एक सासूबद्दल बोलणारीला हो हो करते. आठातल्या फक्त जावेला नाव आहे. आणि बिल्डिंगचे वॉचमनकाका, जे एकदाच गेट उघडायला येतात, त्यांना नाव आहे, गाव आहे, मुलीच्या लग्नाचं कर्ज आहे आणि डोळ्यात पाणीसुद्धा आहे. म्हणजे माणूस बघायची नजर तुझ्याकडे आहे, प्रश्न तो नाहीच. ती नजर बाई दिसली की बंद का होते, हा आहे.

तू विचारतेस अशा बायका गोष्टींत असतातच ना. असतात की! आणि असाव्यात. दुसऱ्या बाईला हिणवणारी बाई गोष्टीत आली की पानं कशी पटापट उलटतात. पण लिहिणारी माणसं तिचं काय करतात ते बघ जरा.

आपल्याकडची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात फक्कड जोडी म्हणजे देवयानी आणि शर्मिष्ठा. महाभारतात आदिपर्वात आहे ती गोष्ट. मैत्रिणी पाण्यात खेळतायत, काठावरचे कपडे वाऱ्याने एकमेकांत मिसळतात, शर्मिष्ठा घाईत देवयानीचं वस्त्र नेसते. एवढंच. आपण असतो तर हसून सोडून दिलं असतं. पण देवयानी म्हणते, तू माझी शिष्या, असुराची पोर, माझं वस्त्र कसं घेतलंस. म्हणजे पहिला टोमणा देवयानीचा आहे, हे बरेच जण विसरतात. त्यावर शर्मिष्ठा असं काही बोलते की विचारू नकोस, तुझा बाप माझ्या बापापुढे खाली बसून स्तुती करतो, तू मागणाऱ्याची मुलगी, मी देणाऱ्याची. आणि तिला विहिरीत ढकलून निघून जाते. मग ययाति तिला वर काढतो, देवयानीचे वडील, असुरांचे गुरू शुक्राचार्य, राज्य सोडून जायची धमकी देतात, आणि राजा वृषपर्व्याची मुलगी हजार दासींसह देवयानीची दासी होते.

आता यात गंमत काय आहे माहितीये का. दोघी भांडतायत त्या स्वतःच्या कशावरूनच नाही. एक म्हणते माझे वडील गुरू, दुसरी म्हणते माझे वडील राजा. कोणाचा बाप कोणाच्या पुढे खाली बसतो यावरून हे सगळं. दोघींचा तोरा उधारीचा! आणि उधारीचा असल्यामुळेच तो इतका कडक आहे, कारण तो कधीही काढून घेतला जाऊ शकतो आणि शर्मिष्ठेचा तर एका दिवसात काढून घेतला गेलाच. व्यासांनी कुणाची बाजू घेतली म्हणशील तर मला तरी नाही वाटत. देवयानीचा मुलगा यदु, ज्याच्यापासून यादव झाले, आणि शर्मिष्ठेचा पुरू, ज्याच्या वंशात पुढे कौरव-पांडव. दोघींना भरभरून दिलंय.

मग वि. स. खांडेकरांनी हीच माणसं घेऊन १९५९ साली 'ययाति' लिहिली, तिला पुढे ज्ञानपीठही मिळालं १९७४ चं. मी ती पहिल्यांदा वाचली आमच्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणून, १८९३ पासूनचं ते ग्रंथालय, तू ठाण्यात नोकरीला येतेस तर मेंबर हो म्हणते मी, असो. तर त्या कादंबरीत तिघं आळीपाळीने स्वतःची गोष्ट सांगतात, ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा. देवयानी त्यात गर्विष्ठ आहे, खुनशी आहे, वाचताना तिचा राग राग येतो. पण तिला बोलायला दिलंय! ती 'मी' म्हणते. आणि 'मी' म्हणणारं माणूस कितीही शिष्ट असलं तरी आपण चार पानं त्याच्या बाजूने बसतोच, इलाज नसतो. तुझ्या जावेला तू एकदा तरी 'मी' म्हणू दिलंयस का? तिच्या तोंडी सहा वाक्यं आहेत, सहाच्या सहा मीराला चिडवायला.

तू म्हणशील मावशी, पण माझी तर नायिकाच शिष्ट आहे, खलनायिका नाही. हो ना, तीच तर अवघड जागा. यासाठी तुला एक परदेशी बाई सांगते. जेन ऑस्टिनची 'एमा', १८१५ मध्ये आलेली. एमा श्रीमंत, देखणी, हुशार, गावातली पहिल्या नंबरची मुलगी. आणि त्याच गावात मिस बेट्स, लग्न न झालेली, वय उतरलेली, वारलेल्या धर्मगुरूंची मुलगी, म्हातारी आई आणि लहानशा जागेतला काटकसरीचा संसार, आणि तोंडाचा पट्टा सतत चालू. लेखिका आपल्याला त्या बडबडीची पानंच्या पानं वाचायला लावते. आपण हसतो. कंटाळतो. दोन ओळी गाळून पुढे जातो (मी तरी गेले). मग बॉक्स हिल नावाच्या टेकडीवर सहल निघते आणि खेळ ठरतो की प्रत्येकाने एक हुशारीचं वाक्य बोलायचं, नाहीतर दोन बरी, नाहीतर तीन अगदी रटाळ. मिस बेट्स बिचारी हसत म्हणते, मग मला सोपं आहे, मी तोंड उघडलं की तीन रटाळ गोष्टी येतीलच. आणि एमा सगळ्यांसमोर म्हणते, पण अडचण अशी की तुम्हाला एका वेळी फक्त तीनच बोलता येतील.

मिस बेट्सला आधी कळतच नाही. कळतं तेव्हा ती लाल होते आणि म्हणते की मी खरंच फार नकोशी होत असणार, नाहीतर इतक्या जुन्या मैत्रिणीला ती असं बोललीच नसती. मी आता गप्प राहायचा प्रयत्न करीन.

बघ. ओळखीचं वाटतंय का काही? पाऊण तास बोलणारी बाई हो-नाहीवर आली.

त्या जागी लेखिकेने काय केलंय की एमाबरोबर आपल्यालाही पकडलंय, कारण आपणही मागची दोनशे पानं त्या बाईला हसलोय. एमाला तिच्या शेजारचा नाइटली सुनावतो, आणि त्याचं म्हणणं असं की ती तुझ्या बरोबरीची श्रीमंत असती तर मी काही बोललो नसतो, पण ती गरीब आहे, चांगले दिवस बघून खाली आलेली आहे, आणि तू तिला बाकीच्यांसमोर हसलीस म्हणजे आता बाकीचेही हसणार. एमा परतीच्या वाटेवर गाडीत रडते. पूर्ण कादंबरीभर एमा शिष्ट आहे, पण कादंबरी शिष्ट नाही. तुझ्या कथेत मीरा शिष्ट आहे आणि कथाही तिच्याच खांद्यावर हात टाकून चाललीय. तुझ्या शिक्षिकाबाईंना हेच खुपलं असणार.

आता सिरियलकडे येऊ, कारण तुझ्या मीराला सिरियलचा फार तिटकारा आहे. 'माझ्या नवऱ्याची बायको' तुला माहीत असेल, २०१६ ते २०२१ चाललेली. त्यात शनाया, राधिकेच्या नवऱ्याची प्रेयसी. राधिका नागपूरची, बोलायला वऱ्हाडी, साधी, आणि शनाया तिला उठताबसता गावठी म्हणणार. पुढे तीच राधिका मसाल्यांचा धंदा करून मोठी होते. मी ती माझ्या वहिनीच्या घरी बसून पाहिलीय आणि खोटं कशाला बोलू, मजा यायची. पण मजा कशाची यायची तर शनायाला हसायची! म्हणजे ती राधिकेला कमी लेखते म्हणून आम्ही सगळ्या सोफ्यावर बसून तिला कमी लेखतोय, तिचे कपडे, तिचा मेकअप, तिचं इंग्लिश. सिरियलवाल्यांना हे पक्कं माहीत असतं. मोकळे केस आणि स्लीव्हलेस आली की समजायचं, आता कारस्थान. साडी आणि मंगळसूत्र आलं की समजायचं, आता सोसणं.

तू काय केलंस तर ही पाटी फक्त उलटी धरलीस. तुझ्याकडे पुस्तक आणि कॉटनचा कुर्ता म्हणजे चांगली, बांगड्या आणि सिरियल म्हणजे वाईट. शनाया राधिकेला गावठी म्हणायची, तू जावेला गावठीच म्हणतेस, फक्त शुद्ध मराठीत आणि विरामचिन्हं सांभाळून.

लागलं का? लागू दे थोडं. मलाही लागलंय, सांगते.

मी पंचवीस वर्षं ठाणे ते व्हीटी केलं, बँकेत होते. प्रमोशन झालं तशी फर्स्ट क्लासचा पास काढला. तुला माहितीये, काही डब्यांत लेडीज फर्स्ट आणि लेडीज सेकंडच्या मध्ये नुसती जाळी असते. इकडे आम्ही, तिकडे त्या. तिकडे हळदीकुंकू चाललंय, कोणी लसूण सोलतंय, कोणी भांडतंय, कोणाचा वाढदिवस म्हणून वडापाव वाटतायत, आणि इकडे आम्ही खिडकीकडे तोंड करून गप्प. मला वाटायचं आम्ही किती सुसंस्कृत! त्याच्या चार वर्षं आधीपर्यंत मी स्वतः तिकडच्या बाजूला मटार सोलत उभी असायचे, पण पास बदलला तशी मान पण बदलली. एकदा संध्याकाळी गाडी कुर्ल्याच्या पुढे अडकली, पाऊस तुफान, तीन तास. इकडे फर्स्टला कोणी कोणाला नाव विचारलं नाही. जाळीतून एका बाईने माझ्यापुढे चिवड्याची पुडी धरली आणि विचारलं, ताई, घरी लहान मूल आहे का, माझा फोन घ्या, चालू आहे. मी तिचा फोन घेतला. घरी बोलले. आणि ठाण्याला उतरताना तिला नीट थँक्यूही म्हटलं नाही मी, गर्दी होती म्हणून, खरं तर ऑफिसातली एक बाई बरोबर होती म्हणून. तिचं नाव अजून माहीत नाही मला. तुझ्या कथेतल्या मेथीवालीला नाव नाही हे मला दुसऱ्या वाचनात दिसलं ते त्यामुळे.

मला विचारशील तर आपण हे करतो ते घाबरून करतो. देवयानीसारखंच. आपली जागा कोणीतरी दिलेली आहे आणि शेजारी बसलेली बाई म्हणजे कालची आपणच, हे आतून माहीत असतं. श्रावणातल्या शिवामुठीच्या कहाणीत नावडती सून देवाला काय मागते बघ, सासूसासरा, दीर, नणंदा, जावा, नवरा, सगळ्यांची यादी करून सांगते की नावडती आहे ती आवडती कर. घरात आवडतीची खुर्ची एकच असेल तर दुसरीला नावडती व्हावंच लागतं ना. तुझी मीरा पण तेच मागतेय, फक्त देवाऐवजी वाचकाकडे. मला टिपिकलमधून वेगळी काढा, मला आवडती करा.

बरं, आता कथेचं काय करायचं. एक गोष्ट अजिबात करू नकोस, ती म्हणजे जावेला एकदम गुणी करणं. अर्ध्या कथेत वाईट आणि शेवटी हॉस्पिटलात मीराच्या उशाशी रात्रभर बसलेली, असलं काही लिहिलंस तर मी तुला परत उत्तर देणार नाही. बाईला देवी केली की तीही माणूस राहत नाही. मीरालाही गोड करू नकोस. तिचा शिष्टपणा छान जमलाय, 'त्या बायका हसत होत्या आणि मला पुस्तकाची तीच ओळ चौथ्यांदा वाचावी लागली' हे वाक्य मला फार आवडलं, कारण त्यात मीराला खरं तर तो विनोद ऐकायचा आहे हे दिसतं. तुला दिसलं होतं का ते लिहिताना? तिथेच तुझी खरी कथा आहे असं मला वाटतं. मीराला त्यांच्यात बसायचंय आणि जमत नाही, आणि जमत नाही हे कबूल करण्यापेक्षा त्या टिपिकल आहेत हे म्हणणं सोपं पडतं. हे जर कथेला कळलं, मीराला नाही कळलं तरी, तर बास.

आणि जावेसाठी एक अभ्यास कर. कथेत घालायचा नाही, वेगळ्या वहीत. तिच्या तोंडून दोन पानं लिही, 'मी' म्हणून. ती कुर्त्या आणते कुठून, उल्हासनगरहून की अजून कुठून, एका नगामागे तिला सुटतं किती, उधारी कोणाकोणाची थकलीय, परत आलेल्या मालाचं काय करते, रात्री फोटो काढायला बेडरूममधला कुठला दिवा लावते, नवऱ्याला हिशोब सांगते की नाही सांगत. तुला यातलं काहीच येणार नाही लिहिता, मी पैज लावते. मीराला आपल्या जावेचं काही माहीत नाही हे चालतं. तुला माहीत नाही म्हणून ती कागदावर पुठ्ठ्यासारखी झालीय. दिवाळी अंकाचा विचार मग कर, अंकांचं साहित्य फार आधी गोळा होतं, आणि यावर्षी चुकलं तर पुढच्या वर्षीही दिवाळी येते.

राहिल्या वहिनी.

मेसेज करू नकोस. फोन पण नको. आणि 'अहो ती तुम्ही नाहीतच, काल्पनिक आहे सगळं' हे तर चुकूनही म्हणू नकोस, कारण त्या काही खुळ्या नाहीत, कळव्यात किती घरांत अशा कुर्त्या विकणाऱ्या आणि तुझ्या जाऊ असलेल्या बायका असतील? वर परत त्यांनाच वेड्यात काढल्यासारखं होईल. एमा काय करते माहितीये, दुसऱ्या दिवशी सकाळी उठून स्वतः मिस बेट्सच्या घरी जाते. चिठ्ठी नाही पाठवत. आणि तिथे काही गळ्यात गळे घालून रडारड होत नाही. मिस बेट्स नेहमीसारखेच आभार मानते पण पहिल्यासारखी मोकळी बोलत नाही, आणि एमाला ते बघत तिथे बसून राहावं लागतं. तुलाही बसावं लागेल.

तर शनिवारी जा. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी तुंबलेलं नसेल तर रिक्षाने अर्धा तास पण लागणार नाही. दुपारी जा, सासूबाई झोपतात तेव्हा. नवऱ्याला घरी ठेव, त्याने आधीच पुरेसं कौतुक केलंय, आणि त्याला सांग की यापुढे विचारल्याशिवाय काहीही फॉरवर्ड करायचं नाही. मिठाईचा बॉक्स नको नेऊस, माफीचा बॉक्स दिसतो तो लांबून. साधं सांग, 'वहिनी, ते मी तुमच्यावरूनच लिहिलं आणि मी वाईट लिहिलं, मला तुमचं काही माहीत नसताना लिहिलं.' एवढंच. मग गप्प बस. त्या म्हणतील अगं काही नाही गं, मला कुठे काय वाटलंय, चहा टाकते. चहा घे. त्या ओरडल्या तर ओरडू दे, उलट ते बरं. कथा सुधारून आणलीय, वाचून दाखवू का, असलं काही काढू नकोस त्या दिवशी.

आणि कुर्ता घेऊ नकोस हं. मला माहितीये तुला वाटेल की दोन-तीन घेऊन टाकाव्या, तेवढंच बरं वाटेल. कोणाला बरं वाटेल? पुढे कधी खरंच हवा असला तर माग, भाव कर, त्यांना आवडतं ते, तुझ्याच कथेत लिहिलंयस तू, तिसऱ्या पानावर, नाक मुरडून.

काय झालं ते कळव. त्या मेथीवालीचं नाव काय ठेवलंस तेही.

— मावशी, नौपाडा, ठाणे